पहिली वेलांटी

संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला की आई गॅलरीतल्या खुर्चीत येऊन बसते आणि तिची बोटं सुरू होतात. खुर्चीच्या हातावर, मांडीवरच्या पदरावर, कधी नुसती हवेत. नव्या माणसाला वाटतं, वयानं हात कापतोय. एकदा डॉक्टरांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी तिला दोन्ही हात पुढे धरायला लावले. हात अगदी स्थिर होते. मग मी त्यांना सांगितलं, हा कंप नाही, ती टाइप करते आहे. बातम्या लागल्या की निवेदिकेचे शब्द, शेजारच्या काकू बोलत असल्या की काकूंचे शब्द, आणि कोणीच बोलत नसलं की तिचे तिचे. सत्तरी उलटली, नोकरीतून निवृत्त होऊन तप झालं, बोटं मात्र अजून निवृत्त झालेली नाहीत.

१९७३ सालची गोष्ट. जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, होऊन ती नाशिकच्या पंचवटीतल्या घरी बसली होती. कॉलेजचा विषय आजोबांनी जेवणाच्या पानावरच मिटवला. टायपिंगला मात्र ते हो म्हणाले. का म्हणाले ते आईला अजून पाठ आहे, कारण त्यांनी कारणं बोटांवर मोजून दाखवली होती. क्लास रविवार कारंजावर, म्हणजे होळकर पूल ओलांडला की आलाच. रोजचा एकच तास. गल्लीतल्या आणखी दोघी जातात, तेव्हा सोबत आहे. आणि दिवेलागणीच्या आत घरी. फी किती, पुढे नोकरी लागते का, हे त्या मोजणीत नव्हतंच. मुलगी किती लांब जाणार आणि किती वाजता परत येणार, एवढंच होतं.

त्या पुलावरून ती वर्षभर गेली-आली. खाली गंगा. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. पावसाळ्यात नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की घरून सोडायचे नाहीत. त्या दिवशी आई पोळपाटाच्या कडेवर धडा गिरवायची. ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. पोळपाटाला आवाज नसतो, पण बोटांना जागा कळते, असं ती सांगते.

क्लासमध्ये लाकडी टेबलांवर ओळीनं काळी लोखंडी यंत्रं होती, काही रेमिंग्टन, काही गोदरेजची. गोदरेजनं देशातला पहिला टाइपरायटर १९५५ साली बनवला, म्हणजे तो आणि आई एकाच वर्षाचे. ओळ संपत आली की घंटी वाजे, आणि डाव्या हातानं गाडा परत सारायचा. पंधरा यंत्रं एकदम चालली की रस्त्यापर्यंत पत्र्यावरच्या पावसासारखा आवाज यायचा. आईला तो आवाज फार आवडे. घरी तिच्या कुठल्याच कामाला आवाज नव्हता. भांड्यांना होता, पण तो ऐकून कोणी थांबत नसे.

इंग्रजीनंतर तिनं मराठीचं यंत्र धरलं, आणि तिथे ती रमली. मराठी टायपिंग ही फार देखणी गोष्ट आहे आणि ती आता जवळजवळ कोणाला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. एवढीशी कळपट्टी आणि आपली बाराखडी एवढी मोठी. तेव्हा यंत्र करणाऱ्यांनी अक्षरं तोडली. ‘भ’ पाहिजे तर आधी अर्धा भ् मारायचा आणि मग त्याला काना जोडायचा. ‘ख’, ‘घ’, ‘ध’ यांचंही तसंच, दोन ठोक्यांत एक अक्षर. काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, कारण तो सारखा लागतो. रफार अक्षर मारून झाल्यावर त्याच्या डोक्यावर बसवायचा. आणि पहिली वेलांटी डाव्या हाताच्या तर्जनीखाली. ती मात्र अक्षराच्या आधी मारायची. ‘किती’ म्हणताना तोंडातून आधी ‘क’ येतो, पण कागदावर वेलांटी ‘क’च्या अलीकडे उभी असते. यंत्राला तोंड नाही, त्याला फक्त कागद कळतो. म्हणून पुढचं अक्षर कोणतं येणार हे मनात आधी ठरवून मग वेलांटीला हात घालायचा. आई म्हणते, मराठीचा टायपिस्ट नेहमी एक अक्षर पुढे असतो.

मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा झाली, मग ४० ची. त्या प्रमाणपत्रावर तिला एका सरकारी कचेरीत टायपिस्टची जागा मिळाली. घरातल्या बायकांपैकी पहिली तिच्या नावाची पगारपुस्तिका झाली. आजोबांनी तेव्हाही अंतर मोजलं. कचेरी घरापासून चालत पंचवीस मिनिटं होती, म्हणून जमलं.

त्याच सुमारास, १९७४ साली, बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीनं टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असं तीत लिहिलं होतं. तिनं जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला, मुलाखतीला बोलावणं आलं आणि ती पुण्याच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून रुजू झाली. पुढे सुधा मूर्ती म्हणून त्यांची ही हकीकत घरोघरी पोचली. मला ती हकीकत वाचताना दर वेळी आपल्या पंचवटीतल्या त्या पोळपाटाची आठवण येते. पोस्टकार्ड लिहिण्याचं धैर्य मोठंच. पण ज्यांना कोणाला पोस्टकार्ड लिहायचं हेच माहीत नव्हतं, आणि ज्या मिळालेल्या एका तासाचं सोनं करत होत्या, त्यांचीही गणती त्याच रांगेत व्हावी असं मला मनापासून वाटतं.

अण्णा, माझे वडील, सातपूरच्या कारखान्यात टर्नर होते. आमचं घर सिडकोत, चौथ्या स्कीममध्ये. सकाळी फर्स्ट शिफ्टच्या वेळी रस्ता सायकलींनी भरून जायचा, आणि त्या सायकलींवर एकही बाई नसायची. हे मला लहानपणी कधी खटकलं नाही. सूर्य पूर्वेला उगवतो तसं ते होतं. पुढे कळलं, की त्यामागे कायदाही उभा होता. १९४८ च्या कारखाना कायद्यानं संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात कारखान्यात बाईनं काम करायला मनाई होती. ती बाईच्या भल्यासाठीच केली होती. पण जिथे तीन पाळ्या आलटून-पालटून लागतात तिथे रात्रीची पाळी न करणारा कामगार कोण घेणार? मग दिवसाचीही दारं आपोआप लागली. काळजीनं लावलेलं दारसुद्धा दारच असतं.

वर्षातून एक दिवस मात्र आम्हाला आत जायला मिळे, खंडेनवमीला. यंत्रं धुऊन-पुसून त्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या असत, हळदकुंकू लावलेलं असे, आणि कामगारांच्या बायकामुलांना पेढे देऊन सगळा कारखाना दाखवत. मी सहावीत असताना अण्णांनी त्यांच्या लेथपाशी नेऊन मला एक चकचकीत दांडा हातात दिला. ‘हा मी कापला,’ म्हणाले. त्याच्या कडेवरून नख फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. लोखंड इतकं मऊ लागू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. त्या दिवसापासून माझ्या मनात मेकॅनिकल होतं.

१९९७ साली बारावीचे मार्क हातात आले. मेकॅनिकलला जागा मिळत होती. घरात, शेजारी, मामाकडे, सगळीकडे एकच वाक्य ऐकू आलं: मुलीला कॉम्प्युटर बरा. एका जागी बसून काम, वर एसी, हाताला ग्रीस नाही, रात्रपाळी नाही, चारचौघांत बसायचं नाही. अण्णाही तेच म्हणाले. त्यांच्या मनात अविश्वास नव्हता. तीस वर्षं त्या शॉपमध्ये काढलेल्या माणसाला तिथली भाषा, तिथली संडासं आणि तिथले डोळे माहीत होते. मी कॉम्प्युटर घेतलं. आमच्या वर्गात मुली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होत्या. शेजारी मेकॅनिकलच्या वर्गात एकच होती आणि ती पहिल्या बाकावर एकटी बसायची.

याच्या कितीतरी आधी, १९५३ साली, मुंबईच्या व्हीजेटीआयमधून शकुंतला जोशी सिव्हिल इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या होत्या. पुढे शकुंतला भगत म्हणून त्यांनी यजमानांबरोबर पोलादी पुलांची जोडाजोडीची नवी पद्धत काढली आणि हिमालयातल्या दुर्गम दऱ्यांवर पूल उभे केले. त्यांचे वडील एस. बी. जोशी स्वतः पुलांचे मोठे इंजिनिअर. १९५३ मध्ये जे झालं ते १९९७ मध्ये माझ्या गावात एका मुलीला पहिल्या बाकावर एकटं बसवत होतं. चव्वेचाळीस वर्षं काही कमी नाहीत.

या ‘कॉम्प्युटर बरा’चा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या देशात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांत मुली ४० टक्क्यांच्या वर आहेत. आयटीत काम करणाऱ्यांतही एक तृतीयांशाहून जास्त बायका आहेत. श्रीमंत देशांनाही हे आकडे सहज जमलेले नाहीत, आणि आपण त्यांचा अभिमान धरतो. धरावाही. पण त्यातला मोठा वाटा आजोबांच्या त्या मोजणीतून आलेला आहे. जवळ, सुरक्षित, बसून, दिवेलागणीच्या आत. आमच्यासमोर जे दार उघडलं गेलं ते लहान समजून उघडलं गेलं. ते दार पुढे एवढं मोठं होईल, त्यातून जग आत-बाहेर करेल, हे दार उघडणाऱ्यांना माहीत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं.

तिकडे अमेरिकेत हेच आमच्या आधी होऊन गेलं होतं. फिलाडेल्फियाला १९४६ साली एनिॲक नावाचं खोलीभर पसरलेलं गणकयंत्र जगापुढे आलं. त्याची जुळवाजुळव, म्हणजे आज ज्याला आपण प्रोग्रॅमिंग म्हणतो ते काम, सहा तरुणींनी केलं होतं. त्याआधी ‘कॉम्प्युटर’ हे यंत्राचं नाव नव्हतंच. कागदावर आकडेमोड करणाऱ्या माणसाचा तो हुद्दा होता, आणि त्या हुद्द्यावर पुष्कळशा बायका असत. यंत्र बांधणं पुरुषांचं, त्याच्या तारा योग्य भोकांत खोवणं बायकांचं. हातानं करायचं, निगुतीचं, चिकाटीचं काम, म्हणून ते हलकं समजलं गेलं. त्या सहाजणींची नावं जगाला कळायला पुढे कित्येक दशकं गेली.

२००१ मध्ये आमची बॅच बाहेर पडली आणि नेमकी मंदी आली. मी घरी बसले होते तेव्हाच राज्यात एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा कोर्स सुरू झाला. दोनेक वर्षांत सिडकोच्या गल्लीगल्लीत त्याच्या पाट्या लागल्या, किराणा दुकानाच्या वर, पिठाच्या गिरणीच्या शेजारी. सरकारी नोकरांना परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा शेहेचाळिसाव्या-सत्तेचाळिसाव्या वर्षी आई पुन्हा क्लासला निघाली. पहिल्या दिवशी सोडायला मी गेले होते. आजूबाजूच्या बायका माउस हातात धरून बावरलेल्या, बाण पडद्याबाहेर जाईल की काय अशा भीतीनं टेबलाच्या कडेला हात टेकून बसलेल्या. आईनं माउसकडे पाहिलंच नाही. तिनं कीबोर्ड पुढे ओढला, दोन्ही तर्जन्या जागेवर ठेवल्या आणि डोळे मिटून क्षणभर थांबली. कळा त्याच होत्या. फक्त घंटी नव्हती. लोखंडाच्या सवयीनं तिनं पहिली कळ दाबून धरली आणि पडद्यावर त्याच अक्षराची लांबलचक रांग लागली. ‘अगंबाई, याला तर फुंकरसुद्धा पुरेल,’ ती म्हणाली. आठ दिवसांत वर्गातल्या बायका सरांच्या आधी तिला विचारायला लागल्या.

मला नोकरी मिळाली ती पुण्याला, हिंजवडीत. नाशिकमध्ये आयटी येणार, आयटी पार्क होणार, हे मी कॉलेजपासून ऐकत होते. येईल तेव्हा येईल, म्हणून आमच्या वर्गातल्या सगळ्या मुली एकेक करून पुण्याला गेल्या. घरात पुन्हा तीच मोजणी झाली, आता किलोमीटर २१० होते. आईनं त्या वेळी एकच वाक्य बोलून विषय संपवला. ‘मी पूल ओलांडला, ती घाट ओलांडेल.’

पुण्यात कासारवाडीजवळच्या एका चौकाचं नाव नाशिक फाटा आहे. परगावी आपल्या गावाचं नाव दिसलं की काय वाटतं ते लिहून सांगता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी कंपनीची बस, मग सिक्स सीटर असं करत आम्ही तिथे पोचायचो. पाठीला सॅक, त्यात आठवड्याचे कपडे. कडेला नाशिकच्या पंधरा-वीस तरी मुली उभ्या असायच्या. कोण कुठल्या कंपनीत, हे आम्हाला फारसं माहीत नसे, पण कोण कुठे उतरते ते पक्कं माहीत. ही द्वारकेची, ही नाशिकरोडची, ही सिन्नरची. एशियाड बस आली की ज्यांना जागा मिळायची त्या दुसरीची सॅक मांडीवर घ्यायच्या. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. आळेफाट्याला चहा. मग संगमनेर, सिन्नर, आणि मध्यरात्रीच्या आसपास नाशिक. घरी पोचलं की आई जागी असायची. तेव्हा माझ्याकडे मोबाइल नव्हता. ती घड्याळाकडे बघून गावं मोजायची.

त्या फाट्यावर एक गोष्ट माझ्या हळूहळू ध्यानात आली. मुली तिशीकडे आल्या की एकेक कमी व्हायची. कोणाचं लग्न पुण्यात ठरलं, ती फाट्यावर यायची थांबली, ठीक आहे. पण कितीतरी जणी बसमधून शेवटचं उतरल्या त्या परत चढल्याच नाहीत. नोकरी का सोडली, असं विचारलं तर कोणीच ‘सोडायला लावली’ म्हणालं नाही. जमेना, म्हणाल्या.

मलाही जमेना. २००७ मध्ये मुलगा झाला, बाळंतपणाची रजा तेव्हा १२ आठवड्यांची होती. ती संपली, मग बिनपगारी संपली, मग सासूबाईंचं आजारपण निघालं. २००८ मध्ये मी राजीनामा दिला आणि आम्ही नाशिकला आलो. आता रजा २६ आठवडे आहे, ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं असा नियम २०१७ पासून आहे. हे नियम दहा वर्षं आधी असते तर मी थांबले असते का? असते, असं मला वाटतं.

सहा वर्षांनी मी परत मुलाखती द्यायला लागले. एका कंपनीत समोरच्या माणसानं माझ्या कागदावर पेनचं टोक ठेवलं. ‘इथे गॅप दिसतो.’ मी सांगितलं, मूल वाढवलं, घरातलं मोठं आजारपण काढलं. तो चांगला माणूस होता, त्यानं मान हलवली आणि पेनानं त्या जागी एक गोल केला. घरी येताना मायको सर्कलच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि मला रडू फुटलं. त्या सहा वर्षांतल्या एकाही दिवशी मी बारा तासांपेक्षा कमी काम केलं नव्हतं. आणि तरी त्याचं म्हणणं निखालस खोटं नव्हतं, हेच जास्त लागलं. मी सोडली तेव्हा जावाची सहावी आवृत्ती वापरात होती, परतले तेव्हा आठवी आली होती. तोवर अख्खं जग फोनमध्ये शिरलं होतं. आमच्या धंद्यात सहा वर्षांत भाषाच बदलते. शिक्षिकेला, नर्सला परत येताना विषय निदान ओळखीचा असतो. बाईच्या आयुष्यातली जी वर्षं घर मागून घेतं, नेमक्या त्याच वर्षांत हे तंत्रज्ञान कूस बदलतं, आणि तिच्यासाठी कोणी जागा धरून ठेवत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

शेवटी नाशिकमधल्याच एका लहान फर्ममध्ये काम मिळालं, अर्ध्या पगारावर. काम कोणालाच नको होतं असं. एका शिक्षणसंस्थेची दहा-पंधरा वर्षांची परिपत्रकं, निकाल, रजिस्टरं जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली पडून होती. काही शिवाजीत, काही सुरेखमध्ये, काही कृतिदेवमध्ये. फाँट असेल त्याच संगणकावर ती दिसायची, नाहीतर सगळा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल. ते सगळं युनिकोडमध्ये आणायचं होतं, म्हणजे जगात कुठेही उघडलं तरी मराठी मराठीच दिसेल. अक्षरांची कोष्टकं जुळवून मी प्रोग्रॅम लिहिला आणि पहिली फाइल त्यातून काढली.

शेकडो पानांवर एकच शब्द मोडलेला होता. विद्यार्थिनी. तो उमटत होता ‘विद्याथिर्नी’. आर्थिकचं ‘आथिर्क’, स्थितीचं ‘सि्थती’. मी चार दिवस नियम लिहीत होते, एक शब्द सुधारला की दुसरा बिघडे. पाचव्या रात्री वैतागून कागद जेवणाच्या टेबलावर टाकले. आई चष्मा लावून बघत बसली.

‘मशिनवरचं आहे हे,’ ती म्हणाली.

‘मशिनवरचं नाही आई, कॉम्प्युटरवर केलंय सगळं.’

‘केलं असेल. केलंय टायपिस्टनंच. हे बघ.’ आणि तिनं टेबलावर ‘विद्यार्थिनी’ मारून दाखवला. प्रत्येक ठोका तोंडानं म्हणत. पहिली वेलांटी, व. द्य, काना. पहिली वेलांटी, अर्धा थ्, काना, रफार. न, दुसरी वेलांटी. ‘आता तुझ्या कॉम्प्युटरला कसा पाहिजे?’

मी सांगितलं. युनिकोडला बोलण्याचा क्रम लागतो. आधी र्, मग थ, मग वेलांटी. तुझ्या मशिनवर दिसतं तसं, इथे ऐकू येतं तसं.

ती थोडा वेळ गप्प बसली. बोटं टेबलावर पुढे-मागे जात होती. ‘तू वेलांटी आधी उचलतेस,’ ती म्हणाली. ‘रफार सगळ्यात शेवटी मारलेला असतो ना, मग आधी तो उचल. थच्या अलीकडे नेऊन ठेव. आता रफार आणि थ एक झाले. मग वेलांटी त्या दोघांवरून पलीकडे ने. आणि अर्ध्या अक्षरावर वेलांटी कधी थांबवायची नाही. स्थितीत तू तिला अर्ध्या स् वर सोडलंयस. पूर्ण अक्षर लागेपर्यंत चालवायची.’

रात्री साडेअकराला मी दोन नियमांची अदलाबदल केली आणि एक ओळ वाढवली. फाइल परत चालवली. विद्यार्थिनी. विद्यार्थिनी. विद्यार्थिनी. पानामागून पान खाली सरकत गेलं आणि प्रत्येक ठिकाणी शब्द धड होता. आई माझ्या खांद्यामागे उभी होती. तिनं पडद्याला हात लावला, अक्षराच्या आकारावरून बोट फिरवलं, जसं मी कधीतरी अण्णांच्या दांड्यावरून नख फिरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी सांगितलं, आईनं काढलं हे. त्यांना वाटलं, मी आईचा आशीर्वाद म्हणते आहे. मी पुन्हा नीट सांगितलं, टेबलावर ठोके मारून दाखवले. त्या प्रोग्रॅममध्ये त्या ओळीच्या वर मी टीप म्हणून आईचं नाव लिहून ठेवलं आहे. ती टीप अजून तिथे आहे.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि पुण्याला गेलेल्या सगळ्या मुली नाशिकला परत आल्या. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरांत जिन्याखाली, देव्हाऱ्याशेजारी, गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत लॅपटॉप उघडले. जे काम पुण्याला गेल्याशिवाय होत नाही म्हणून सांगितलं जात होतं, ते इथून दोन वर्षं बिनबोभाट झालं. आमच्या गल्लीतल्या दोघी, मुलं झाल्यावर घरी बसलेल्या, त्या काळात कामाला लागल्या. नंतर ऑफिसं उघडली, बोलावणी आली, आणि त्यातली एक पुन्हा घरी बसली. त्या दोन वर्षांत आपल्याला जे कळलं होतं ते एवढ्या लवकर कसं विसरलो, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या भाचीनं २०२४ मध्ये इंजिनिअरिंग पूर्ण केलं. माझ्या पदवीवर नुसतं पुणे विद्यापीठ आहे, तिच्या पदवीवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. त्याच वर्षी सरकारनं आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. म्हणजे आजोबांनी जे मोजलंच नव्हतं ते पैसे आता पुष्कळसे सरकार भरतं. त्यांनी मोजलं होतं ते अंतर आणि ती वेळ मात्र आहे तिथेच आहे. भाचीही हिंजवडीतच आहे. शुक्रवारी नाशिक फाट्यावरून बस धरते.

तिच्याकडे फोन आहे, माझ्या फोनवर तिचा निळा ठिपका दिसतो. आईला तो दाखवला तर ती बघत नाही. परवाच्या शुक्रवारी जेवणं उरकून आम्ही दोघी गॅलरीत बसलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता.

‘कुठे आली?’ आईनं विचारलं.

‘संगमनेर सोडलं.’

ती काही बोलली नाही. बोटं खुर्चीच्या हातावर होती. मला आता ती वाचता येतात. एखादा शब्द सुटतो, पण गावांची नावं सुटत नाहीत. बराच वेळ बोटं स्तब्ध होती. निळा ठिपका अजून घाटातच होता, आणि तिच्या डाव्या हाताची तर्जनी हलली. पहिली वेलांटी. मग स.